टोचणारी लोकर मऊ होते का?

आजचा विषय माझ्या फजितीतून आलाय. भाचीच्या बारशासाठी मी स्वेटर विणला. दीड महिना, रोज रात्री, सीरिज बघत बघत. ताईने तिला घातला आणि दहा मिनिटांत पोरीची मान लालेलाल. ताई रागावली वगैरे नाही. फक्त म्हणाली, "थोडी मोठी झाली की घालू हं." कळलं काय ते!

तर, आपण जिला सरसकट लोकर म्हणतो, ती स्वस्तातली लोकर बहुतेक वेळा मेंढीची नसतेच. ती अ‍ॅक्रिलिक, म्हणजे प्लास्टिकच्या जातीचा धागा. त्यातले तंतू जाड असले की सहज वाकत नाहीत, टोकं त्वचेत रुततात. काहीही करा, तंतू बारीक होणार नाही. त्याच्यावर गुळगुळीत थर तेवढा चढवता येतो.

मी आधी व्हिनेगर वापरलं. अर्धी बादली कोमट पाणी, त्यात अर्धा कप पांढरं व्हिनेगर, अर्धा तास. खरं सांगू? व्हिनेगर धागा मऊ करत नाही, अडकलेला साबण काढतं. बोअरचं जड पाणी असेल तर याने बराच फरक पडतो. (ब्लीचमध्ये मात्र व्हिनेगर कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.)

खरी कमाल केसांच्या कंडिशनरची. दोन चमचे पाण्यात नीट विरघळवून स्वेटर अर्धा तास बुडवला. कंडिशनरवर धन विद्युतभार असतो, ओल्या अ‍ॅक्रिलिकवर ऋण, म्हणून तो चिकटून बसतो आणि तंतू एकमेकांवर घसरायला लागतात. नंतर भरपूर पाण्यातून काढा. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि आडवा पसरून वाळवा. दोरीवर टाकलात तर लांबून मॅक्सी होईल. काही धुण्यांनंतर परत करावं लागतं.

इस्त्रीच्या वाफेनेही मऊ होतं, आणि भरपूर. पण वाफ जास्त लागली की धाग्यातला ताणच मरतो आणि तो परत येत नाही. माझं एक टोपडं असंच गेलं, काठाची पट्टी लोंबायला लागली. स्टोल असेल तर चालेल, उलट छान पडतो. टोपी-मोज्यांना नको. आधी चार बोटांचा तुकडा विणून त्यावर बघा, आणि इस्त्री टेकवू नका, वर धरा.

स्वेटर बराच मऊ झाला, तरी मानेला टोचायचाच. शेवटी गळा उसवला आणि दहा नंबरऐवजी आठ नंबरच्या सुयांवर सैल विणला. आपल्याकडे नंबर कमी तितकी सुई जाड, हे नवीन असाल तर लक्षात ठेवा. आता आत सुती झबलं घालून भाची तो घालते. मात्र शेक-धुरीच्या वेळी ताई आठवणीने काढते, कारण अ‍ॅक्रिलिक पेटतं आणि वितळून अंगाला चिकटतं.

आणि दुकानात लोकर बोटांनी चाचपू नका, बोटांना काही कळत नाही. गुंडा सरळ मानेला घासा. दुकानदार बघेल विचित्र, बघू दे.

चला, भेटू पुढच्या भागात!