गरिबीचा वारसा आणि उपनगरातील कुटुंब



गरीब मनुष्य कष्ट करीत नाही म्हणून गरीब राहतो, असा समज सुखवस्तू समाजात आजही आढळतो. मुंबईच्या उपनगरांचा इतिहास या समजाला दुजोरा देत नाही.

घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत राहून अण्णा भाऊ साठे यांनी मराठी साहित्यात अढळ स्थान मिळविले. शाळा त्यांना जेमतेम दीड दिवस लाभली. मुंबईत मिळेल ते अंगमेहनतीचे काम करीत ते अक्षरे शिकले. त्यांच्या 'फकिरा' कादंबरीला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार लाभला. तरीही १८ जुलै १९६९ रोजी देहावसान होईपर्यंत दैन्याने त्यांची पाठ सोडली नाही. प्रतिभा आणि परिश्रम दोन्ही असता हे घडले, तेथे सामान्य मजुराची कथा काय सांगावी?

गरिबी टिकते ती एकामागून एक बसणाऱ्या धक्क्यांमुळे. १९७२ च्या दुष्काळात असंख्य कुटुंबे गाव सोडून मुंबईत आली आणि डोंगरउतारावर, नाल्याकाठी, जागा मिळेल तेथे विसावली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर अनेकांची कायम नोकरी गेली. तिच्याबरोबर कामगार विम्याचे औषधपाणी गेले आणि वाण्याकडची पतही गेली. कित्येक घरे गिरणगाव सोडून उपनगरांत आणि त्याही पलीकडे गेली. पित्याची कायम नोकरी गेली तेथे मुलगा कंत्राटी कामावर लागला, आई धुण्याभांड्यास जाऊ लागली आणि धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी थोरल्या मुलीची शाळा सुटली. तीच मुलगी पुढे आई झाली, तेव्हा तिच्याही हाती धुणीभांडीच उरली.

जुलै २००० मध्ये घाटकोपर येथे दरड कोसळून अनेकांचे प्राण गेले. धोका दिसत असूनही माणसे उतारावर राहतात, कारण कामाजवळ दुसरे छप्पर त्यांना परवडत नाही.

म्हणूनच साहाय्याचे मोल रकमेपेक्षा वेळेवर आणि सातत्यावर ठरते. कर्ता आजारी पडतो, सावकाराचे कर्ज होते, मुलाचे नाव शाळेतून निघते, असा हा क्रम आहे. औषधाचा खर्च वेळीच मिळाला तर कर्ज टळते. एका वर्षाच्या वह्या-पुस्तकांवर न थांबता मुलगी स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंत फी भरली गेली, तर तिच्या मुलांना हा वारसा मिळत नाही. पडलेल्यास उचलणे पुण्यकर्म खरेच. परंतु तोल जाताच हात देणे अधिक श्रेयस्कर होय.