बर्गनचा पाऊस आणि लाकडी धक्का

नॉर्वेतल्या बर्गन बंदरात उतरलो तेव्हा पाऊस होताच. इथे वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अटलांटिकवरून येणारे दमट वारे डोंगरांना अडतात, आपल्या सह्याद्रीत अडतात तसेच. पण इथला पाऊस बाराही महिन्यांचा.

मला सर्वांत भावली ती धक्क्यावरची ब्रिग्गेन, लाकडी घरांची जुनी रांग. हान्सा या व्यापारी संघाचे जर्मन व्यापारी इथे धान्य देऊन उत्तरेकडचे सुके मासे घेत. आगीच्या धास्तीनं या घरांत विस्तव पेटवायला बंदी. स्वयंपाक आणि शेक मागच्या वेगळ्या इमारतींत. तरीही १७०२मध्ये सगळं जळालं, आणि लोकांनी ते जुन्याच धर्तीवर पुन्हा उभारलं! १९७९पासून ही रांग जागतिक वारसा आहे. तिथल्या बोळांत जरूर रेंगाळा. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, वारा फार.