दोन दिवसांची प्लेट

मंडळी, निमंत्रण देताना तुमच्या सचिवांनी हळूच सुचवलं होतं, "सर, व्याख्यान जेवणाआधी आहे, जंतू जरा बेतानंच घ्या." पण पस्तीस वर्षं प्रयोगशाळेत जंतू वाढवलेला माणूस पर्थला येऊन दुसरं काय बोलणार? अल्सरचं कोडं सुटलं ते तुमच्याच गावातल्या रॉयल पर्थ हॉस्पिटलात.

आमच्या घरी अल्सरची कारणं पाठ होती. तिखट, जागरण, चहा, काळजी. वडिलांचं अर्धं जठर काढलं, तरी आई मिरचीलाच बोल लावायची. जठरातल्या आम्लात जंतू तग धरत नाहीत, असं आम्हाला कॉलेजातही शिकवलं.

1979 मध्ये इथले पॅथॉलॉजिस्ट रॉबिन वॉरन यांना जठराच्या तुकड्यावर वाकडे, पिळदार जंतू चिकटलेले दिसले. फार कुणी मनावर घेतलं नाही. पुढे बॅरी मार्शल हा शिकाऊ डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. जंतू वाढवायला घेतले, तर प्लेटी कोऱ्याच.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट. प्लेट इन्क्युबेटरमध्ये ठेवायची, दोन दिवसांनी उजेडाला धरायची, काही उगवलेलं नसलं की 'नो ग्रोथ' लिहून टाकून द्यायची. मी अशा हजारो टाकल्या. इथेही तेच चाललं होतं. 1982 च्या ईस्टरला सुट्टी लागून आली, प्लेटी तशाच राहिल्या आणि सुट्टीनंतर बघतात तो दवासारखे बारीक, पारदर्शक ठिपके! जंतूला वेळ हवा होता, आम्ही देत नव्हतो.

हे महाशय आम्लात पोहत बसत नाहीत. शेपट्यांच्या जोरावर जठराच्या चिकट अस्तरात स्क्रूसारखे शिरतात आणि युरियापासून अमोनिया करून भोवतीचं आम्ल मारतात. तपासणीत जंतू असलेला जठराचा कण पिवळ्या जेलमध्ये ठेवला की ती गुलाबी होते, ती याच अमोनियामुळे. आधी त्यांना कॅम्पिलोबॅक्टरच्या कुळात घातलं होतं. अर्धकच्च्या चिकनमधून जुलाब लावतो ना, तोच. (बार्बेक्यूवाल्यांनी ऐकून ठेवावं.) 1989 मध्ये वेगळं नाव मिळालं, हेलिकोबॅक्टर पायलोरी.

अल्सर या जंतूमुळे होतो, हे मात्र सुरुवातीला डॉक्टरमंडळी मानेनात. मग 1984 मध्ये मार्शलनी या जंतूंचं द्रावण स्वतःच पिऊन टाकलं, बायकोला न सांगता. काही दिवसांत मळमळ, उलट्या, तोंडाला दुर्गंधी. एंडोस्कोपीत जठर सुजलेलं. अल्सर मात्र झाला नव्हता, हेही सांगायला हवं. आणि हा जंतू पोटात बाळगणाऱ्या बहुतेकांना कधीच काही होत नाही. काही अल्सर वेदनाशामक गोळ्यांचेही असतात.

2005 चं नोबेल दोघांना मिळालं. आज या जंतूच्या अल्सरला अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या देतात, साधारण दोन आठवडे. वडील 1981 मध्ये गेले. शेवटपर्यंत त्यांच्या ताटात दूधभात असायचा आणि आमच्या ठेच्याकडे ते नुसते बघत राहायचे.