नव्या घरातला उकाडा



भाड्याचे बिऱ्हाड सोडून मुलुंडात स्वतःची जागा घेतली, हप्ता सुरू झाला, की उन्हाळ्यात घरात पहिला विषय निघतो तो थंडाव्याच्या यंत्राचा. नागपूरची नणंद सांगते, "वहिनी, कूलर घ्या, स्वस्त पडतो." तिच्या गावी ते अगदी खरे. वैशाखातली तिकडची हवा कोरडी. ओल्या वाळ्यातून आली की पाणी उडते आणि हवा गार होते. आपल्याकडे खाडीवरची हवा आधीच दमट, तिच्यात आणखी पाणी उडणार कसे? खोली नुसती कोंदट व्हायची.

म्हणून आपल्याला एसीच. पण त्याआधी पश्चिमेची खिडकी पाहा. ऊन काचेतून आत आल्यावर पडदा ओढून फारसे साधत नाही. ते बाहेरच, छज्जाने किंवा बांबूच्या पडद्याने अडवावे. वरचा मजला असेल तर सोसायटीला विचारून गच्चीला पांढरा रंग द्यावा. एवढे केले तर दीड टनाऐवजी एक टनाचेही यंत्र पुरेल. हा टन वजनाचा नव्हे बरे! सुमारे 907 किलो बर्फ 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी ओढून घेण्याची ही शक्ती.

2020 पासून स्टारची नवी यंत्रे आपण होऊन 24 अंशांवर सुरू होतात. तिथेच ठेवावे, वर पंखा हळू सोडावा. यंत्राला स्वतंत्र वायर आणि अर्थिंग हवेच.

आणि यंत्र एकच घेणार असाल, तर ते सासूबाईंच्या किंवा बाळंतिणीच्या खोलीत बसवा. दिवाणखान्यात पाहुणे पंख्याखाली बसतील.