हाताला विद्या, विद्येला प्रमाणपत्र

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बारामती व इंदापूर परिसरातील समाजबांधवांसमोर दिलेल्या भाषणाचा संपादित अंश)



पन्नास वर्षांचा टप्पा हा संस्थेच्या आयुष्यात कृतज्ञतेचा क्षण असतो, तसाच पुढच्या वाटचालीचा विचार करण्याचाही असतो. शिक्षणासाठी दिलेल्या साहाय्यातून आपल्यातील कोणी डॉक्टर झाले, कोणी अभियंता, कोणी सनदी लेखापाल. त्यांचा गौरव आपण करतो आणि तो उचितच आहे. आज मी मात्र ज्या विद्येचा सत्कार सहसा कोणी करीत नाही, तिच्याविषयी बोलणार आहे. ही विद्या आहे नळजोडणीची आणि गॅसजोडणीची. व्यासपीठावरून बोलण्याचा हा विषय आहे काय, असे कोणाच्या मनात आल्यास नवल नाही. परंतु पाणी गाळून पिण्याचा संस्कार जपणाऱ्या घराने, ते पाणी ज्या नळीतून येते ती नळी कोणी व कशी जोडली, याची चौकशी करू नये, हे मला विसंगत वाटते.

नळाचे काम आपल्या समाजाला परके नाही, याची आठवण प्रथम करून देतो. १८८२ साली सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांना आपण जहाज, विमान आणि मोटार या तीन उद्योगांचे अग्रणी म्हणून ओळखतो. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर तर त्यांच्याच नावाने उभे आहे. पण हे वैभव येण्यापूर्वी ते बांधकामाचे कंत्राटदार होते. तानसा तलावाचे पाणी मुंबईला पोहोचविणाऱ्या नळवाहिनीचे काम त्यांच्या कंपनीने केले होते. पुढे १९२६ साली त्यांनी इंडियन ह्यूम पाईप कंपनी स्थापन केली आणि सिमेंट काँक्रीटच्या नळ्या या देशात तयार होऊ लागल्या. ज्यांच्या नावाचा आपण अभिमान बाळगतो, त्यांनी नळाच्या कामाला कधी हलके मानले नाही. आपण का मानावे?

आपल्याच समाजात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 'कमवा आणि शिका' या योजनेतून श्रम व शिक्षण यांची सांगड घातली. हाताने काम करणारा विद्यार्थी कमी प्रतीचा नव्हे, हा धडा त्यांनी महाराष्ट्राला दिला. आजचा विषय त्याच धड्याचा पुढचा पाठ आहे.

या कामात शिकण्यासारखे काय आहे, असे विचारले जाते. नळी कापली, आटे पाडले, जोडली, काम झाले, अशी समजूत असते. वास्तव वेगळे आहे. न्हाणीघराच्या जाळीखाली किंवा बेसिनखाली जो वाकडा भाग असतो, त्यात थोडे पाणी सदैव साठून राहावे लागते. ते पाणी म्हणजे गटारातील दूषित वायूला लावलेले झाकण होय. हवा खेळण्यासाठी ठेवायची उभी नळी विसरली, तर हे पाणी ओढले जाते आणि घरात दुर्गंधी शिरते. पिण्याच्या पाण्याची नळी सांडपाण्याच्या नळीलगत किंवा चेंबरमधून नेली, तर पुरवठा बंद असताना नळीतील दाब उतरतो आणि सांध्यातील बारीक फटीतून घाण आत ओढली जाते. जेथे पाणी ठरावीक वेळीच सुटते, तेथे हे रोज घडू शकते. कावीळ आणि अतिसाराची साथ अनेकदा अशाच सांध्यातून येते. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसीची नळी वापरायची असते, साधी पीव्हीसी चालत नाही. आणि सोल्युशन लावून जोडलेला सांधा वाळण्यापूर्वी पाणी सोडायचे नसते. या गोष्टी कोणीतरी शिकवाव्या लागतात. त्या केवळ पाहून येत नाहीत.

गॅसच्या बाबतीत चुकीला क्षमाच नाही. सिलिंडरमधील एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर न जाता जमिनीलगत पसरतो, खोलगट जागी साचतो. म्हणून हवेसाठी झरोका खालीही असावा लागतो. नळीवाटे येणारा नैसर्गिक वायू मात्र हवेपेक्षा हलका. तो छताकडे जातो. दोन्ही इंधनांना आपण 'गॅस' म्हणतो, पण त्यांच्यासाठी घ्यावयाची दक्षता एकसारखी नाही. गळती तपासायची ती साबणाच्या फेसाने. काडी ओढून तपासणारा मिस्त्री आजही आढळतो, हे आपणही पाहिले असेल. दारे बंद असलेल्या लहान न्हाणीघरात गॅस गिझर बसविला, तर ज्वलन अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आंघोळीला गेलेली व्यक्ती बेशुद्ध पडते आणि बाहेरच्यांना कळतही नाही. महाराष्ट्रात अशा घटना पुनःपुन्हा घडल्या आहेत. गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा, एवढे एक वाक्य जाणत्या कारागिराने त्या घराला सांगितले असते, तर ते जीव वाचले असते.

आपल्या बारामती तालुक्यातील खांडज येथे मार्च २०२३ मध्ये बायोगॅसच्या चेंबरमध्ये उतरलेल्या चौघांचा गुदमरून मृत्यू झाला. एकाला वाचविण्यासाठी दुसरा धावला आणि तोही परतला नाही. त्यांच्या धैर्याला व मायेला वंदन करून मी इतकेच म्हणेन की, बंदिस्त जागेत उतरण्यापूर्वी हवा तपासावी, दोरी बांधल्याशिवाय व बाहेर माणूस उभा केल्याशिवाय कोणी उतरू नये, हे ज्ञान गावोगावच्या कारागिरापर्यंत पोहोचविणे हे जीवदयेचेच कार्य आहे.

प्रशिक्षणाबरोबर प्रमाणपत्र कशासाठी, याचे उत्तर इंग्लंडमधील एका घटनेत मिळते. १६ मे १९६८ रोजी पूर्व लंडनमधील रोनन पॉइंट या बावीस मजली इमारतीत, अठराव्या मजल्यावर, पहाटे चहासाठी शेगडी पेटविताना स्फोट झाला आणि इमारतीचा एक संपूर्ण कोपरा कोसळला. चार माणसे मृत्युमुखी पडली. इमारतीची रचना सदोष होतीच. पण गॅसगळतीचे मूळ शेगडीच्या जोडणीतील एका निकृष्ट पितळी नटात सापडले. त्यानंतर १९७० मध्ये तेथे गॅस कारागिरांच्या नोंदणीची व्यवस्था सुरू झाली. आरंभी ती ऐच्छिक होती, १९९१ मध्ये सक्तीची झाली. आज तेथे नोंदणी नसलेल्या व्यक्तीने मोबदला घेऊन घरातील गॅसजोडणीला हात लावणे हा गुन्हा आहे आणि कारागिराकडे ओळखपत्र मागणे हा ग्राहकाचा शिष्टाचार बनला आहे.

आपल्याकडे नियमांची उणीव आहे असे नाही. राष्ट्रीय इमारत संहितेचा नववा भाग नळकामाचाच आहे आणि पाणीपुरवठा, सांडपाण्याचा निचरा व गॅसपुरवठा हे तिन्ही विषय त्यात एकत्र दिले आहेत. सिलिंडरच्या सामुदायिक जोडणीसाठी आयएस ६०४४ आणि रबरी नळीसाठी आयएस ९५७३ ही मानके आहेत. उणीव आहे ती ही मानके ठाऊक असलेल्या हातांची. विजेच्या कामासाठी तारतंत्र्याला परवाना लागतो, हे आपण सर्वांनी स्वीकारले आहे. नळाच्या बाबतीत मोठ्या शहरांतील महानगरपालिका परवानाधारक प्लंबर नेमतात. गावात मात्र ज्याच्या हाती पाना, तो प्लंबर!

आता मार्ग कोणते आहेत ते पाहू. पहिला मार्ग औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा, म्हणजेच आयटीआयचा. प्लंबर या व्यवसायाचा अभ्यासक्रम एक वर्षाचा असून दहावीत अनुत्तीर्ण झालेल्या मुलालाही त्याचे दार बंद नाही. अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते आणि ते देशभर मान्य असते. बारामती व इंदापूर या दोन्ही ठिकाणी शासकीय आयटीआय आहेत. तेथे त्या वर्षी कोणते व्यवसाय शिकविले जातात, हे पालकांनी प्रवेशाच्या वेळी पाहावे आणि आवश्यक तर तालुक्याबाहेरचाही विचार करावा. दुसरा मार्ग १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचा. यात कारखान्यात काम करीत, विद्यावेतन घेत शिकता येते. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीमुळे आपल्या मुलांना ही संधी दूर नाही.

तिसरा मार्ग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वीस-वीस वर्षे काम केलेले, पण कागद नसलेले मिस्त्री आपल्या गावात आहेत. त्यांना पुन्हा शाळेत बसविणे शक्य नाही आणि योग्यही नाही. त्यांच्यासाठी पूर्वकौशल्यास मान्यता देण्याची, आरपीएल या नावाने ओळखली जाणारी पद्धत आहे. तीत अंगी असलेल्या कौशल्याची परीक्षा होते, राहिलेल्या उणिवा थोड्या दिवसांच्या वर्गात भरून काढल्या जातात आणि प्रमाणपत्र दिले जाते. अनुभवी कारागिराचा अवमान न करता त्याला प्रतिष्ठा देणारा हा मार्ग आहे. गॅसवाहिनीच्या कामासाठी हायड्रोकार्बन क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने पाईप फिटरचा स्वतंत्र अभ्यासक्रम ठरविला आहे, हेही तरुणांनी ध्यानात ठेवावे.

केवळ कागदाने हात कुशल होत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. न शिकता मिळविलेले प्रमाणपत्र हे अज्ञानाहून घातक असते, कारण ते ग्राहकाला निर्धास्त करते. म्हणून मी दोन्ही मागतो: आधी विद्या, मग तिचे प्रमाण.

या विद्येने एखाद्या भागाचे भाग्य कसे पालटते, याचे उदाहरण ओडिशातील केंद्रपाडा जिल्ह्याचे आहे. तेथील माणसे पूर्वी कोलकात्यात नळकाम शिकली, गावाकडच्यांना शिकविले, आणि आज भारतातील शहराशहरांत तेथील प्लंबर आढळतात. त्याच जिल्ह्यात पट्टामुंडाई येथे राज्य शासनाने नळकामाची खास प्रशिक्षण संस्था उभारली. परंपरेने हाती आलेल्या कौशल्याला तेथे शास्त्राची जोड मिळाली. नीरेच्या कालव्याने आणि उजनीच्या जलाशयाने समृद्ध झालेल्या, घरोघरी नळ पोहोचत असलेल्या आपल्या भागात असे का घडू नये?

शेवटी, सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने चार विनम्र सूचना विश्वस्तांपुढे व आपणा सर्वांपुढे ठेवतो.

एक, शिक्षण साहाय्य निधीतील काही वाटा दरवर्षी कौशल्य शिक्षणासाठी राखून ठेवावा. शुल्काबरोबर अवजारांची पेटीही द्यावी, कारण शिकून बाहेर पडलेल्या मुलाचे पाऊल बहुधा तिथेच अडते. या साहाय्याला जातीधर्माची मर्यादा नसावी.

दोन, ट्रस्टच्या वास्तूंपासून आरंभ करावा. भोजनशाळेत १९ किलोच्या सिलिंडरची जोडणी असते, पर्वकाळात शेकडो माणसांचा स्वयंपाक होतो. ती जोडणी, वसतिगृहातील गिझर आणि पाण्याच्या टाक्या यांची जाणकार व्यक्तीकडून वर्षातून एकदा तपासणी करून घ्यावी व तिची नोंद ठेवावी.

तीन, आपल्यापैकी अनेकांची हार्डवेअर व सॅनिटरीची दुकाने आहेत. "चांगला मिस्त्री सांगा," असे गिऱ्हाईक पहिल्यांदा दुकानदारालाच विचारते. त्या वेळी आपल्या तोंडून प्रशिक्षित माणसाचेच नाव जावे. आपला एक शब्द दहा जाहिरातींचे काम करील. आणि गॅससाठी अयोग्य नळी मागितली, तर ती विकण्यास नम्रपणे नकार द्यावा.

चार, काम करून घेताना दर पाडू नयेत. प्रशिक्षित माणसाला योग्य मोबदला मिळाला नाही, तर कोणता मुलगा वर्षभर शिकायला जाईल? शिकलेल्याची मजुरी आणि न शिकलेल्याची मजुरी सारखीच राहिली, तर प्रशिक्षणाचा आग्रह पोकळ ठरेल.

बंधू-भगिनींनो, पुढच्या गुणगौरव समारंभात सनदी लेखापालाच्या शेजारी आयटीआयतून उत्तीर्ण झालेला एखादा प्लंबर, एखादी गॅस फिटर कन्या सत्कारासाठी उभी राहिलेली मला पाहायची आहे. तिच्या हातून होणाऱ्या प्रत्येक घट्ट सांध्यामागे एक घर निर्धास्त झोपलेले असेल. अहिंसेचे व्रत आपण ज्या सूक्ष्मतेने पाळतो, त्याच सूक्ष्मतेने ही काळजीही घेऊ या.



जय जिनेंद्र! जय महाराष्ट्र!