आजोबांची बंदूक : ‘व्होरोशिलोव्ह नेमबाज’

स्तानिस्लाव गोवोरुखिन यांचा ‘व्होरोशिलोव्ह नेमबाज’ हा रशियन चित्रपट रूबल कोसळल्याच्या पुढच्याच वर्षी, म्हणजे १९९९ साली पडद्यावर आला. विक्तोर प्रोनिन यांच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. संरक्षण खाते सांभाळणारे सोव्हिएत नेते क्लिमेंट व्होरोशिलोव्ह यांच्या नावाचे एक पदक १९३२ पासून अचूक नेम साधणाऱ्यांना दिले जात असे आणि त्यावरूनच चित्रपटाचे नाव आलेले आहे. कथानायक इव्हान अफोनिन हा महायुद्धात लढलेला निवृत्तिवेतनधारक असून, त्याच्या कात्या या नातीवर तीन तरुण बलात्कार करतात. तिघे पकडले जातात, परंतु त्यांपैकी एकाचा बाप पोलीस दलात कर्नल असल्यामुळे प्रकरण दडपले जाते आणि सरकारी वकिलाच्या दारातूनही म्हाताऱ्याला अपमानित होऊन परतावे लागते. तेव्हा तो आपले गावाकडचे घर विकतो आणि त्या पैशांतून चोरबाजारात दुर्बीण बसवलेली बंदूक घेतो.

येथे दिग्दर्शकाची चलाखी ध्यानात घेण्यासारखी आहे. अफोनिन कोणाचाही जीव घेत नाही. एकाला तो जायबंदी करतो, दुसरा गाडीने पेट घेतल्याने भाजतो, आणि तिसरा, म्हणजे खुद्द कर्नलचा मुलगा, भीतीने भ्रमिष्ट होऊन आपल्या बापावरच गोळी झाडतो. त्यामुळे सूडाचे समाधान प्रेक्षकाला पुरेपूर मिळते आणि खुनाचे ओझे मात्र त्याच्या मनावर राहत नाही. अफोनिनच्या भूमिकेसाठी मिखाईल उल्यानोव्ह यांची निवडही याच हिशेबातली दिसते, कारण मार्शल झुकोव्ह यांची भूमिका त्यांनी अनेक चित्रपटांत केलेली असल्याने या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यामागे रशियन प्रेक्षकाला विजयी सेनापती दिसत होता, आणि सेनापतीला जाब कोण विचारणार?

अफोनिनला नेमबाजी ज्या राज्यसंस्थेने शिकवली ती लयाला गेली होती, आणि तिच्या जागी आलेल्या व्यवस्थेत कायदा हा अधिकाऱ्यांचा घरगुती मामला झाला होता. चित्रपटाचा हा आरोप खराच आहे. मात्र त्यावरचा उपाय दिग्दर्शकाने फार सोपा करून ठेवला आहे, कारण म्हाताऱ्याचा नेम कधीच चुकत नाही आणि कोणी निरपराध त्याच्या गोळीच्या वाटेत येत नाही. शेवटी वस्तीतला तरुण पोलीस झडतीपूर्वीच ती बंदूक लपवतो, म्हणजे कर्नलने मुलासाठी जे केले तेच तो अफोनिनसाठी करतो. हे साम्य दिग्दर्शकाला जाणवले होते की नाही, याची खूण चित्रपटात कोठेही सापडत नाही.