शेतसंरक्षणाची बंदूक : ठासणीची, काडतुसाची की रायफल?

(पोफळी, ता. चिपळूण येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शेतकरी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सभेच्या आधी आपल्यापैकी काहींनी मला एक प्रश्न विचारला. रानडुक्कर हल्ली बंदुकीच्या टप्प्यात येत नाही; मग दोनशे पावलांवरून नेम धरता येईल अशी रायफल शेतकऱ्याला का मिळू नये, आणि मिळाली तर ती कोणत्या जातीची घ्यावी? प्रश्न रास्त आहे. भाताने लोंब्या धरल्या की एका रात्रीत कळप शेत लोळवून जातो, आणि अशी दोन-तीन वर्षे गेली की माणूस वरकस जमीन पडीक टाकतो. त्या पडीक जमिनीत रान माजते आणि डुकराला गावाशेजारीच बिऱ्हाड मिळते.

प्रथम रायफलींविषयी. हातांनी चालवावयाच्या रायफलींत दोन प्रकार मुख्य. बोल्टच्या रायफलीत दांडा उचलून मागे ओढला की रिकामे काडतूस बाहेर पडते, पुढे ढकलला की नवे आत जाते आणि खाली वळवला की दाराला कडी घालावी तशी नळी बंद होते. लिव्हरच्या रायफलीत घोड्याभोवतीची कडीच खाली-वर केली की हेच काम होते. लिव्हरची रायफल चपळ खरी. पण तिच्या बहुतेक जुन्या नमुन्यांत काडतुसे नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक रांगेने बसतात. गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीला टेकते, म्हणून ते बोथट ठेवावे लागते, आणि बोथट गोळी हवेत लवकर मंदावते. बोल्टच्या रायफलीला टोकदार गोळी चालते, तिची कडीही घट्ट बसते. तेव्हा लांबच्या नेमासाठी बोल्टच सरस, यात शंका नाही. आपल्या देशात आयुध कारखान्यांनी बनविलेली .३१५ बोअरची रायफल याच जातीची आहे.

परंतु अमेरिकेतल्या सपाट कुरणांवर जे शोभते ते पोफळीत शोभेल काय? रायफलीची गोळी नेम चुकल्यावर थांबत नाही. दोन किलोमीटरांहूनही पुढे जाऊन ती माणूस मारू शकते. इथे वर कुंभार्ली घाटाचा रस्ता, खाली वाशिष्ठीचे खोरे, आणि उतारावर पायरीपायरीने शेते व वाड्या. आपल्या गावाच्या पोटात १९६२ साली सुरू झालेले कोयनेचे वीजगृह आहे; तेथून निघालेल्या उच्च दाबाच्या तारा याच डोंगरांवरून जातात. रात्री, बॅटरीच्या झोतात, दोनशे पावलांवर हलणारी सावली डुकराची की पाणी बघायला आलेल्या शेजाऱ्याची, हे सांगणारी रायफल अजून कोणी बनविलेली नाही.

कायद्यानेही हाच विचार केलेला दिसतो. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचे नाव स्पष्ट घातलेले आहे. ती पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली, तर किमान वीस इंच नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे आपली काडतुसाची बारा बोअरची, देता येते. पीकसंरक्षणाच्या या तरतुदीत रायफल येत नाही. तेव्हा आपली खरी निवड ठासणी आणि काडतूस यांच्यातच आहे, आणि या निवडीकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही असे माझे मत आहे.

ठासणीची बंदूक स्वस्त आणि घराण्यात चालत आलेली. नुसता बार काढला तरी कळप पांगतो, आणि पुष्कळदा तेवढेच काम असते. पण आपल्या पावसात दारू सर्दावते. बार उडाला नाही की बंदूक भरलेलीच भिंतीला टांगली जाते. चार दिवसांनी दुसरा माणूस ती भरलेली आहे हे न जाणता पुन्हा दारू ठासतो. मग नळी फुटली तर दोष कोणाला द्यावा? ठासणीची बंदूक रिकामी आहे की भरलेली, हे नुसते पाहून कळत नाही. निदान गज नळीत घालून कोठवर जातो याची खूण त्या गजावर करून ठेवा. आमच्या लहानपणी घरोघर तशी खूण असे. ती का पुसली गेली कोण जाणे.

काडतुसाची बंदूक मोडून उघडली की डोळ्यांना दिसते. माचावरून उतरताना, बांध ओलांडताना, घरात शिरताना दोन काडतुसे काढून खिशात टाकता येतात. माझ्या दृष्टीने तिचा मोठा गुण मारा नसून हा आहे. छऱ्यांचा भरवशाचा टप्पा ३५-४० मीटरांचा. त्यापलीकडे डुक्कर मरत नाही, जखमी होते. जखमी डुक्कर करवंदीच्या जाळीत शिरते, आणि सकाळी त्याच पायवाटेने मुले शाळेत जातात. म्हणून माचावर बसावे, नेम खाली जमिनीकडे धरावा, म्हणजे चुकलेले छरे मातीत जातील.

बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे, हेही ध्यानात असावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. त्यानुसार रानडुक्कर अनुसूची दोनमध्ये आहे. उभ्या पिकाला ते धोकादायक झाले असेल, तर कलम ११ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी लेखी व सकारण आदेशाने परवानगी देऊ शकतो. मारलेला प्राणी शासनाची मालमत्ता होतो. त्याचे मटण वाड्यावाड्यांतून वाटले, तर परवानगी असूनही माणूस गुन्हेगार ठरतो. केंद्र शासनाने २०१६ साली उत्तराखंडात काही भागांपुरते व ठरावीक मुदतीसाठी रानडुक्कर उपद्रवी जाहीर केले होते. ती सवलत इथे लागू नाही.

आणखी एक अवघड गोष्ट सांगावीशी वाटते. परवाना सत्तरीच्या आजोबांच्या नावावर, मुलगा मुंबईला, आणि रात्री माचावर जातो नातू. परवान्यावर ज्याचे नाव नाही त्याच्या हाती बंदूक असणे हा गुन्हा आहे. ग्रामपंचायतीने गावातल्या परवानाधारकांची एक यादी करावी, कोण प्रत्यक्ष शेतात जाऊ शकतो ते पाहावे, आणि ज्याला गरज आहे त्याला रीतसर अर्ज करण्यास साह्य करावे. निवडणुकीच्या काळात बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचा प्रश्न येतो. त्याचा विचार छाननी समितीपुढे होतो; पीक उभे असेल तर तसा अर्ज वेळेवर द्यावा, नुसती कुरकुर करून भागत नाही.

वन खात्याकडचा अर्ज मात्र डुक्कर शेतात शिरल्यावर लिहायला बसू नका. नुकसान झाले की त्याच दिवशी तलाठी व वनरक्षक यांना कळवून पंचनामा करून घ्या. सातबारा आणि गेल्या वर्षीच्या पंचनाम्याची प्रत एका पिशवीत घालून ठेवा. भात निसवण्यापूर्वी, श्रावणातच ही पिशवी तयार असली, तर पुढच्या कामाला फार दिवस लागू नयेत. शाळेतल्या गुरुजींनी अर्ज लिहून देण्याचे मान्य केले आहे, हे मला सभेपूर्वीच कळले आहे. त्यांच्याकडे उद्यापासून जावे.